पहिली ते सातवीच्या मुलांना वर्गात रमवायला काय काय घेता येईल?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्याकडच्या छोट्या शाळेवर नवीन रुजू झालाय, पहिली ते सातवी, एका खोलीत दोन-दोन यत्ता, आणि नेटवर जे सापडतं ते सगळं प्रोजेक्टर नाहीतर महागड्या साहित्याचं. मी सांगली जिल्ह्यात पलूसकडं झेडपीच्या शाळेवर आहे, तेव्हा माझ्या वर्गात जे चालतं तेवढंच सांगतो.

एक आधी सांगतो, मुलं रमतात ती पुढं काय होणार हे माहीत नसलं की. कागदाची फुलं कापून चिकटवा म्हटलं की पोरांना शेवट आधीच दिसतो, मग दहा मिनिटांत डिंक एकमेकांच्या पाठीला. त्यामुळं काहीही घेताना मी एवढंच बघतो की यात मुलाला आधी अंदाज बांधता येतोय का आणि मग तो स्वतः तपासता येतोय का.

सगळ्यात भारी चालतं ते हळदीचं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं वगैरे ठीक आहे, पण मुद्दा असा की हळद प्रत्येक घरात आहे. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवायची, कापसाच्या बोळ्यानं कोऱ्या कागदावर फासायची आणि वाळू द्यायची (हे परिपाठाच्या आधी उरका, नाहीतर वाळेपर्यंत तास संपतो). मग टेबलावर वाट्या मांडायच्या, साबणाचं पाणी, लिंबू, खायचा सोडा, मिठाचं पाणी, चिंचेचा कोळ. कशानं रंग बदलेल? सगळ्यांचे अंदाज नावासकट फळ्यावर लिहायचे, मगच हात लावू द्यायचा. साबणाचा थेंब पडला की कागद लालसर होतो आणि वर्गात एकच गलका, सोड्यानं त्यापेक्षा फिका होतो, मीठ काहीच करत नाही. मग त्याच लाल डागावर लिंबू पिळायला सांगा, परत पिवळा! हमखास एखादी मुलगी म्हणते, सर आमच्या आईनं हळदीचा डाग साबणानं धुतला की असाच लाल होतो. तिथंच थांबून तिला पुढं बोलू द्या, त्यातून चुना आणि हळदीपासून कुंकू कसं करत होते तिथपर्यंत गाडी जाते. बारकी पोरं साबणाच्या पाण्यात काडी बुडवून कागदावर आपलं नाव लिहितात, सहावी-सातवीवाले आम्ल-आम्लारीचा तक्ता करतात, म्हणजे एकाच साहित्यात दोन यत्ता निघतात. चुन्याची निवळी वापरायची तर ती तुम्हीच हाताळा, डोळ्यात गेली तर अवघड होतं. आणि पांढरा गणवेश असेल त्या दिवशी नको.

मोठ्या मुलांसाठी पावसाळ्यात पुराचे आकडे घ्या. आमच्याकडं सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी रोज पेपरात येते, ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, आणि २०१९ ला ती ५७ च्या पुढं गेलेली. चौकटीच्या कागदावर रोज एक ठिपका द्यायचा आणि उद्या किती असेल ते पैजेवर लिहायचं. त्यातच क्युसेक येतो, जो टीव्हीवर सगळे ऐकतात आणि कुणालाच कळत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, म्हणजे आपल्या घरातल्या १४ लिटरच्या दोन बादल्या. अंगणात दोन पोरं बादल्या घेऊन उभी करायची आणि विचारायचं, कोयनेतून ५० हजार क्युसेक सोडलं तर सेकंदाला किती बादल्या? लाख हा आकडा पोरं आपण होऊन काढतात. तुमच्याकडं तर कोयना जिल्ह्यातच आहे, १०५ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी) धरण, त्याची पातळी घ्या. फक्त नदीकाठची शाळा असेल तर जपून, काही घरांनी पुरात बरंच गमावलेलं असतं, त्या मुलांना आठवणी सांगायचा आग्रह करू नका.

पहिली-दुसरीला चिंचोके पुरतात. मुठीत धरून एकी का बेकी, मग दहा-दहाचे ढीग करून मोजायचं. तेच चिंचोके फोडून अर्धे केले की सातवीला फासे झाले, चार टाकायचे, आतली पांढरी बाजू किती जणांची वर आली ते लिहीत जायचं. सगळे पांढरे क्वचितच का पडतात यावर अशी भांडणं होतात की विचारू नका, आणि अर्धुकं कुठल्या बाजूला जास्त पडतं ते पण एखादा शोधून काढतो.

आता बालबाजार, म्हणजे शाळेत मुलांनी भाजीपाला विकायचा. सगळ्या शाळा करतात आणि मला अर्ध्याहून जास्त वेळा तो नुसता फोटोपुरता वाटतो, पालक भाजी आणून देतात, सरपंच वांगी घेतात, ग्रुपवर टाकलं की झालं. करायचाच तर मुलाच्या हातात वही द्या, माल केवढ्याला आणला, केवढ्याला विकला, सुकून किती गेला. शेवटी मेथी उरली की भाव पाडायचा का घरी न्यायची हे त्यालाच ठरवू द्या, तिथंच नफा-तोटा कळतो.

दंगा होणारच, शेजारच्या वर्गाच्या बाईंना आदल्या दिवशी सांगून ठेवा. आणि तुमच्या दोन यत्तांचं म्हणाल तर मोठ्यांना आधी कामाला लावा, पाच मिनिटांत ती सुरू झाली की मग बारक्यांकडं बसा, उलटं केलं की दोन्हीकडं गोंधळ होतो.