लाचखाऊ नेत्याचं वाईट व्हावं, अशी प्रार्थना करावी का?

प्रश्न : आमच्या प्रार्थनासभेत एका नेत्याचा विषय निघाला. गरिबांच्या औषधांसाठी आलेला पैसा त्याने खाल्ला, हे चौकशीत सिद्ध झालं आहे. तरी तो खुर्चीवरच आहे. एका ज्येष्ठ सभासदांनी १०९वं स्तोत्र उघडलं आणि त्याचं नाव घेऊन “त्याचे दिवस थोडे होवोत” अशी प्रार्थना केली. बहुतेकांनी “आमेन” म्हटलं. माझ्या तोंडून ते निघालं नाही. माझं चुकलं का? असे शाप तर पवित्र शास्त्रातच आहेत.

उत्तर : तुमचं चुकलं नाही. पण त्या सभासदांनी उघडलेलं पानही शास्त्रातलंच आहे, तेव्हा ते झटकून टाकता येणार नाही. आधी तेच नीट वाचू.

१०९व्या स्तोत्रात ३१ वचनं आहेत. पहिल्या पाचांत वैरी अनेक आहेत, “ते”. सहाव्या वचनापासून एकोणिसाव्यापर्यंत एकदम “तो” येतो : त्याचे दिवस थोडे होवोत, त्याची मुलं पोरकी होवोत, बायको विधवा होवो, सावकार त्याचं सर्वस्व ओढून नेवो. विसाव्या वचनात पुन्हा “ते”. या बदलावरून काही अभ्यासकांना वाटतं की मधला भाग म्हणजे वैऱ्यांनीच कवीला दिलेले शाप आहेत आणि कवी ते देवाच्या कानावर घालतो आहे. तसं मानलं, तरी विसाव्या वचनात “माझ्या वैऱ्यांना हेच फळ मिळो” असं कवी म्हणतोच. त्यामुळे कठोरपणा काही नाहीसा होत नाही.

मात्र स्तोत्राची मांडणी बघा. सहाव्या वचनात दुष्टाच्या उजव्या हाताला आरोप करणारा उभा आहे. शेवटच्या वचनात दीनाच्या उजव्या हाताला स्वतः परमेश्वर उभा आहे. हे सगळं न्यायालय आहे. कवीने आपलं गाऱ्हाणं, आपला संताप, मनातली शिक्षासुद्धा न्यायाधीशापुढे ठेवली आहे आणि स्वतःचा हात मागे घेतला आहे. तक्रारीचं कारणही त्याने सोळाव्या वचनात नोंदवलं आहे : या माणसाने दया केली नाही, गरिबाला आणि खचलेल्याला जीव जाईपर्यंत छळलं. औषधांचा पैसा खाणाऱ्याला हे वचन नेमकं लागू पडतं, म्हणून तुमच्या सभासदांना तेच स्तोत्र आठवलं असणार.

आता ज्या आठव्या वचनाने प्रार्थना झाली ते. त्याचा दुसरा अर्धा भाग आहे : “त्याचा हुद्दा दुसरा घेवो.” प्रेषितांची कृत्ये १:२० मध्ये पेत्राने उद्धृत केला तो हाच अर्धा. तेव्हा येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत आधीच मेलेला होता. पेत्राला कुणाचं मरण मागायचं नव्हतं, रिकामी जागा भरायची होती. आज हे वचन नेत्यांविरुद्ध फिरवलं जातं तेव्हा नेमका पहिला अर्धा घेतला जातो. मागायचंच तर दुसरा अर्धा मागा.

ही स्तोत्रं मंडळीला, म्हणजे चर्चला, नेहमीच जड गेली आहेत. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या रोमन कॅथलिक दैनिक प्रार्थनाविधीत ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं पूर्ण वगळली. उलट जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी जुलै १९३७ मध्ये, नाझी राजवटीत सहकारी पाळकांची धरपकड चालू असताना, मुद्दाम ५८व्या स्तोत्रावर उपदेश केला. अन्यायी अधिपतींविरुद्धचंच ते स्तोत्र आहे. त्यांचं म्हणणं असं की पूर्ण निर्दोष असेल त्यालाच हे शब्द उच्चारण्याचा हक्क आहे. तसा फक्त ख्रिस्त आहे, आणि देवाचा कोप त्याने वधस्तंभावर स्वतःच्या अंगावर घेतला. आम्हाला हे वाचन पटतं. स्तोत्र वाचावं, पण ख्रिस्ताच्या मागे उभं राहून वाचावं. त्यात आपल्या शत्रूचं नाव आपण होऊन भरू नये.

नव्या करारात आज्ञा सरळ आहे : “आशीर्वाद द्या, शाप देऊ नका” (रोम. १२:१४). पौलाने हे लिहिलं तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता. शोमरोनातल्या एका गावाने येशूला उतरू दिलं नाही तेव्हा याकोब आणि योहान यांनी विचारलं, आकाशातून अग्नी पडून यांचा नाश व्हावा अशी आज्ञा करू का? जुन्या करारातल्या एलीया संदेष्ट्याने तसं केलं होतं, म्हणजे त्यांच्याकडे शास्त्राचा दाखला होता. येशूने वळून त्यांनाच धमकावलं (लूक ९:५५).

लाचखाऊ अधिकाऱ्याचं सगळ्यात उघड उदाहरण प्रेषितांची कृत्ये २४व्या अध्यायात आहे. सुभेदार फेलिक्सने पौलाला कैसरीयात अडकवून ठेवलं. पौल आपल्याला पैसे देईल या आशेने तो त्याला वरचेवर बोलावून घेई; २६व्या वचनात हे जसंच्या तसं लिहिलं आहे. दोन वर्षं हा प्रकार चालला. पौलाने पैसे दिले नाहीत आणि शापही दिला नाही. तो त्याच्या तोंडावर नीतिमत्त्व, संयम आणि येणारा न्याय यांविषयी बोलला, आणि फेलिक्स घाबरला. पुढे नव्या सुभेदारापुढे पौलाने कायद्याचा मार्ग धरून कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली.

बाराव्या अध्यायात हेरोद राजाने याकोबाला मारलं आणि पेत्राला तुरुंगात टाकलं. मंडळीने काय केलं? पाचवं वचन सांगतं : पेत्रासाठी देवाकडे एकाग्रतेने प्रार्थना केली. अध्यायाच्या शेवटी हेरोद किडे पडून मेला. ते देवाने केलं. मंडळीने तसं मागितल्याचा एक शब्दही तिथे नाही.

प्रश्न : मग मागायचं तरी काय? “त्याला सुबुद्धी दे” एवढंच म्हणून थांबलं, तर ज्यांना औषध मिळालं नाही त्यांच्यावर अन्याय केल्यासारखं वाटतं.

उत्तर : वाटतं ते बरोबर आहे. मोघम प्रार्थनेत पीडित माणूस दिसेनासा होतो. सभेआधी कागद घ्या आणि चार गोष्टी लिहून काढा.

पहिली, कृत्य. “भ्रष्ट आहे” हे कृत्य नव्हे. कोणता पैसा, कशासाठी ठेवलेला, कुठे गेला, हे लिहा, तेही सिद्ध झालं असेल तेवढंच. ऐकीव गोष्ट प्रार्थनेत आली की ती देवासमोर दिलेली खोटी साक्ष ठरू शकते, आणि ऐकणारे तिला खरं धरून घरी जातात. आरोप नुसता आरोपच असेल तर नाव न घेता “खरं काय ते उघड होऊ दे” एवढं पुरे.

दुसरी, कोणाचं नुकसान झालं. तिसरी, काय थांबायला हवं. इथे स्तोत्रांची भाषा उपयोगी पडते : “दुर्जनाचा भुज मोड” (१०:१५), “सिंहांच्या दाढा उपटून टाक” (५८:६). भुज म्हणजे सत्ता. दाढा उपटलेला सिंह जिवंत असतो, त्याला चावता येत नाही. चौथी गोष्ट त्याच्यासाठी : पश्चात्ताप आणि भरपाई. लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय जकातदाराने नुसते डोळे पुसले नाहीत. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत, असा हिशेब त्याने सांगितला (लूक १९:८).

या चार गोष्टी जोडल्या की प्रार्थना साधारण अशी होते :

“प्रभो, औषधांसाठी ठेवलेला पैसा औषधांवर खर्च झाला नाही. त्यामुळे ज्यांचे हाल झाले त्यांची नावं तुला ठाऊक आहेत, त्यांना सांभाळ. ज्या सह्यांनी हे घडलं त्या उजेडात आण. पुन्हा अशी सही करण्याची सत्ता त्याच्या हातात राहू देऊ नकोस. ज्याच्या कपाटात कागद दडवले आहेत त्याला खरं बोलायचं धैर्य दे. चौकशी करणाऱ्यांना विकलं जाऊ देऊ नकोस. आणि जो दोषी आहे त्याला स्वस्थ झोपू देऊ नकोस. तो तुझ्याकडे वळो आणि घेतलेलं परत करो. आमच्याही हातून कुठे दिलं-घेतलं गेलं असेल तर ते आम्हाला दाखव. येशूच्या नावाने. आमेन.”

झोपेची ओळ काहींना खटकेल. आम्ही ती विचार करून ठेवली आहे. अहश्वेरोश राजाची एका रात्री झोप उडाली, त्याने बखर वाचायला लावली आणि राजाचा जीव वाचवणाऱ्या मर्दखयाची विसरलेली कामगिरी समोर आली (एस्तेर ६). अस्वस्थता माणसाला जागं करते. तिच्यात त्याचं भलंच आहे.

एवढी प्रार्थना दोन मिनिटांत होते. एकानेच म्हणावी आणि लिहिलेली वाचावी. उत्स्फूर्त बोलायला गेलं की बिघाड होतो तो असा : “प्रभो, तुला ठाऊकच आहे की…” असं सुरू होतं आणि पुढची दहा मिनिटं बातम्या सांगितल्या जातात. त्या देवासाठी नसतात, शेजारी बसलेल्यांसाठी असतात. दुसरा बिघाड पक्षाचा. तोच कागद घ्या, नेत्याच्या जागी तुमच्या आवडत्या पक्षातल्या माणसाला तेवढ्याच सिद्ध गुन्ह्यासाठी ठेवा आणि मोठ्याने वाचा. जी ओळ वाचताना जीभ अडखळेल, ती न्यायासाठी लिहिलेली नव्हती. तिसरं म्हणजे, सत्ताधाऱ्यांचं नाव फक्त घोटाळा झाल्यावर घेऊ नका. राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असं १ तीमथ्य २ सांगतो. ते दर आठवड्याच्या उपासनेत असायला हवं. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीने करिंथकरांना पाठवलेल्या पत्रात सत्ताधाऱ्यांसाठी अशी प्रार्थना आहे : त्यांना आरोग्य, शांती आणि स्थैर्य मिळो आणि देवाने दिलेला अधिकार ते निर्दोषपणे चालवोत. तेव्हाचे सत्ताधारी ख्रिस्ती लोकांचे मित्र नव्हते.

प्रश्न : त्याची सत्ता जावी, त्याला तुरुंगवास व्हावा, असं मागणं म्हणजे त्याचं वाईट मागणंच नाही का?

उत्तर : नाही. शिक्षा करणं हे शासनाचं काम आहे आणि ते देवाने नेमलेलं आहे (रोम. १३:४); ते काम नीट व्हावं असं मागता येतं. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी हाच प्रश्न घेतला. वैऱ्याने सुधारावं म्हणून त्याच्यावर ऐहिक संकट यावं असं मागणं त्यांनी योग्य ठरवलं. ८३व्या स्तोत्रातही हेच आहे : त्यांची तोंडं काळी कर, म्हणजे ते तुझं नाव शोधतील. बाबेलचा गर्विष्ठ राजा नबुखद्नेस्सर याचं राज्य गेलं, बुद्धी गेली (दानीएल ४). त्याने डोळे वर केले तेव्हा दोन्ही परत मिळालं.

पण रीत देवाला सांगू नये. अपघात, आजार, मुलाबाळांचं काही होणं, हे कधीच मागू नये. बापाच्या पापासाठी मुलांना मारू नये, असं खुद्द नियमशास्त्र म्हणतं (अनुवाद २४:१६).

आणि नुसत्या प्रार्थनेवर थांबू नये. यरुशलेमेचा कोट बांधताना विरोधकांच्या धमक्या आल्या, तेव्हा नहेम्याने देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही ठेवला, हे एकाच वचनात आहे (नहेम्या ४:९). तुमच्याकडे पुरावा असेल तर तो चौकशी करणाऱ्यांकडे द्यायला हवा.

प्रश्न : आमच्याकडचा असाच एक नेता गंभीर आजारी पडला. “प्रार्थना ऐकली गेली” असं मंडळीत बोललं जातंय.

उत्तर : ते बोलणं थांबवा, आजच. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली. ती इतरांहून अधिक दोषी होती असं समजू नका, हे येशूनेच बजावलं (लूक १३). वैरी पडला असता आनंद करू नको, असं नीतिसूत्रे २४:१७ मध्ये आहे. पुढच्या सभेत त्याच्या बरं होण्यासाठी प्रार्थना घ्या. त्याच्यावरचा खटला चालू राहावा, हेही त्याच प्रार्थनेत मागता येतं.

प्रश्न : माझ्या आईला वेळेवर औषध मिळालं नाही. त्या माणसाचं भलं मागणं मला ढोंग वाटतं.

उत्तर : मग भल्यापासून सुरुवात करू नका. आधी एकट्याने १०वं स्तोत्र मोठ्याने वाचा. अठराच वचनं आहेत, आणि पहिलंच आहे, “हे परमेश्वरा, तू दूर का उभा आहेस?” तुमचा राग देवाला ठाऊक आहे, तो त्याच्यापासून लपवून गोड शब्द बोलणं हेच खरं ढोंग झालं असतं. आईचं नाव घ्या. काय झालं ते सांगा. रडू आलं तर येऊ द्या. हे कितीही दिवस चालो, कोणी घाई केली तर ऐकू नका.

नाबोथ नावाच्या माणसाचा मळा इस्राएलचा राजा अहाब याच्या राजमुद्रेच्या खोट्या पत्रांवर बळकावला गेला आणि नाबोथाचा जीव गेला. तरी अहाब गोणपाट नेसून नमला तेव्हा देवाने त्यालाही मुदत दिली (१ राजे २१:२९). नाबोथाच्या घरच्यांना हे ऐकून काय वाटलं असेल, याबद्दल शास्त्र काही सांगत नाही. तुम्हाला जे वाटतं तेच त्यांना वाटलं असेल, असं आम्हाला वाटतं.

ज्या दिवशी जमेल त्या दिवशी एकच वाक्य जोडा : “प्रभो, घेतलेलं परत करायला आणि तुझ्याकडे वळायला पुरतील, इतके दिवस त्याला दे.”