एकच हार्मोन घेतलं तर धोका अर्धा होतो का?

पाळी गेल्यावरच्या त्रासासाठी डॉक्टरांनी हार्मोन लिहून दिले की बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला: कॅन्सर तर नाही ना होणार? नागपुरातल्या एका ताईंनी त्यावर स्वतःच तोडगा काढला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

वय ४९, पाळी बंद होऊन दीड वर्ष. छातीपासून चेहऱ्यापर्यंत गरम वाफा, रात्री घामाने गाऊन ओला. ऐन जानेवारीत घरचे दुलईत आणि या पंखा लावणार, त्यावरून नवऱ्याशी रोज कटकट. "झोपच नाही होऊन राहिली मॅडम. वर्गात पोरांवर उगाच खेकसते."

स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून इस्ट्रोजेनचं जेल आणि प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल दिली होती. ताईंनी जेल लावायला सुरुवात केली, कॅप्सूल मात्र दोन-चार दिवसांत सोडली. सकाळी चहानंतर घेतली की दिवसभर गुंगी यायची. शिवाय, "पुतणीला दिवस गेले तेव्हा हीच दिली होती, मला आता कशाला?" आणि मनात हिशेब असा, की दोनाऐवजी एकच हार्मोन घेतलं तर धोकाही अर्धा.

हिशेब नेमका उलटा आहे. नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचं आतलं अस्तर वाढत राहतं आणि तिथे कॅन्सरचा धोका वाढतो. त्या वाढीला आवर घालते ती ही कॅप्सूलच. गर्भाशय काढलेलं असेल तर सहसा तिची गरज नसते; ताईंचं गर्भाशय होतं. म्हणजे कॅन्सरच्या भीतीने त्यांनी त्यापासून वाचवणारं औषधच सोडलं होतं. ऐकून त्या एकदम गप्प झाल्या.

"आणि स्तनाचा?" त्यांनी विचारलं. यावर खोटा धीर द्यायचा नाही, हे माझं ठाम मत. २००२ मध्ये अमेरिकेतला 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' अभ्यासाचा दोन्ही हार्मोनचा भाग मध्येच थांबवला गेला आणि ही भीती जगभर पसरली. त्यात दर १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरचे साधारण ८ रुग्ण जास्त आढळले. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, औषधंही गोळ्यांच्या रूपातली आणि वेगळी होती. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरुवात केली, तर बहुतेक निरोगी बायकांना त्रास कमी होण्याचा फायदा धोक्यापेक्षा मोठा ठरतो. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात किंवा हार्ट अटॅक होऊन गेलेला असेल, यकृताचा आजार असेल, कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर गोष्ट वेगळी. ताईंना यातलं काही नव्हतं.

औषध ठरवणं माझं काम नाही. मी त्यांना त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे परत पाठवलं, कॅप्सूल सोडल्याचं स्पष्ट सांगा म्हणून बजावून. सोनोग्राफीत अस्तर ठीक निघालं. कॅप्सूल रात्री झोपताना घ्यायची ठरली, कारण गुंगी तिचीच. रात्री ती उलट कामी येते. दीड-दोन महिन्यांत वाफा बऱ्याच उतरल्या.

मध्ये एकदा फोन आला, थोडे डाग दिसले म्हणून. सुरुवातीच्या तीन ते सहा महिन्यांत असं होऊ शकतं. तरी डॉक्टरांच्या कानावर घालायचं, आणि रक्तस्राव जास्त झाला किंवा सहा महिन्यांनंतरही दिसला तर तपासणी टाळायची नाही, एवढं त्यांच्याकडून वदवून घेतलं.