'टेन्युअर-ट्रॅक' म्हणजे काय आणि हा शब्द आला कुठून?

अमेरिकेतल्या असिस्टंट प्रोफेसरच्या जाहिरातीत दिसणारा हा जोडशब्द. 'टेन्युअर'चं मूळ लॅटिन 'तेनेरे', म्हणजे धरणे. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला जमिनीच्या व्यवहारात: सरंजामशाहीत वरच्या धन्याकडून जमीन कोणत्या अटींवर धारण करायची, ते टेन्युअर. कूळ या अर्थाचा 'टेनंट' त्याच घराण्यातला. पुढे जमिनीसारखंच पदही 'धरलं' जाऊ लागलं.

गोंधळ इथे होतो. मंत्र्याचा टेन्युअर म्हणजे संपणारा कार्यकाळ. विद्यापीठात मात्र उलट, सबळ कारणाशिवाय काढता न येणारी कायम नोकरी. प्राध्यापकाने अडचणीचं बोललं तरी त्याची खुर्ची जाऊ नये, हा त्यामागचा हेतू.

'ट्रॅक' म्हणजे त्या दिशेने जाणारी वाट. नोकरी अजून कायम नाही, पण व्हायच्या मार्गावर आहे. अमेरिकी प्राध्यापकांच्या संघटनेच्या १९४० च्या निवेदनात ही उमेदवारी जास्तीत जास्त ७ वर्षांची ठरवली आहे. साधारण सहाव्या वर्षी संशोधन, अध्यापन सगळं तपासतात. नापास झालात तर बहुतेक ठिकाणी आणखी एक वर्ष मिळतं, मग गाशा गुंडाळायचा. म्हणजे जाहिरातीत हा शब्द असला तरी पर्मनंट समजून घर घेऊ नका!