वाचकांचे प्रश्न : मॅकगायव्हरच्या युक्त्या

प्रश्न : ‘मॅकगायव्हर’ या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या पहिल्याच भागात तिचा नायक मॅकगायव्हर चॉकलेट लावून सल्फ्युरिक ॲसिडची गळती थांबवतो. असं खरंच होतं का? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : होतं. चॉकलेटमध्ये सुक्रोज आणि लॅक्टोज या साखरा असतात. संहत, म्हणजे पाणी जवळजवळ नसलेलं, सल्फ्युरिक ॲसिड साखरेतला हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्याच्या रूपात ओढून घेतं. मागे काळा कार्बन आणि चिकट लगदा उरतो, तोच फटीत घट्ट बसतो. ‘मिथबस्टर्स’ या कार्यक्रमात हा प्रयोग झाला, तेव्हाही गळती थांबली. पण सगळी गोम ‘संहत’ या शब्दात आहे. प्रयोगशाळेतलं संहत ॲसिड ९८ टक्क्यांचं असतं, इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं ३५ टक्क्यांच्या आसपास. त्यात आधीच इतकं पाणी असतं की त्याची तहान भागलेली असते. त्यामुळे बॅटरी गळली तर चॉकलेट शोधू नका. रबरी हातमोजे आणि चष्मा घाला, सांडलेल्या ॲसिडवर खाण्याचा सोडा थोडा थोडा टाका, फसफस थांबली की भरपूर पाण्याने धुवा. एकदम मूठभर सोडा टाकला तर फेसाबरोबर ॲसिडही उडतं. अंगावर उडालं तर सोडा लावण्यात वेळ घालवू नका. तो भाग निदान २० मिनिटं वाहत्या नळाखाली धरा, मग डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : रेडिएटर गळायला लागला की मॅकगायव्हर त्यात अंडं घालतो. खंडाळ्याच्या घाटात गाडी अडकली तर करून पाहावं का? – मुलुंडच्या एक वाचक

उत्तर : तत्त्व बरोबर आहे. अंड्याचा पांढरा बलक ६० अंशांच्या थोडं वर गोठू लागतो आणि चालू इंजिनातलं पाणी ९० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे टाचणीएवढं भोक बुजू शकतं. लांब चीर बुजत नाही. शिवाय अंड्याला भोक तेवढं ओळखता येत नाही. ते थर्मोस्टॅटमध्ये (पाण्याचा प्रवाह सोडणारी-अडवणारी झडप) आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही गोठतं, आणि मग गाडी पुन्हा तापते. त्यापेक्षा गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, बॉनेट उघडून निदान अर्धा तास थांबा. रेडिएटरचा वरचा रबरी पाइप हाताला गार आणि मऊ लागला तरच जाड फडका धरून झाकण हळूहळू सोडा. तापलेल्या रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, झाकण काढताच उसळून तोंडावर येतं. मग साधं पाणी भरा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून जवळचं गॅरेज गाठा. अंडं घातलंच असेल तर मेकॅनिकला तसं सांगा, म्हणजे तो आधी फ्लशिंग करेल, म्हणजे रेडिएटर आतून धुऊन काढेल.

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा ही मालिका पाहून घरात प्रयोग करू लागला आहे. थांबवू का? – एक पालक, दादर

उत्तर : मालिका बघू द्या. १९८५ ते १९९२ या काळातले हे १३९ भाग आजही टिकून आहेत, कारण त्यांचा नायक बंदूक टाळतो आणि डोकं चालवतो. धोकादायक मिश्रणं दाखवताना निर्मात्यांनी एखादा महत्त्वाचा घटक मुद्दाम गाळलेला असे. तरी एक नियम आजच करा : बाथरूममधलं ब्लीच आणि टॉयलेटचं ॲसिड कधीही एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि मुंबईतल्या चार बाय चारच्या न्हाणीघरात तो जायला जागा नसते.

प्रश्न : मॅकगायव्हरकडे असतो तसा घडीचा स्विस चाकू विमानात नेता येईल का? – एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : हातातल्या बॅगेत नाही, सुरक्षा तपासणीत काढून घेतील. चेक-इन बॅगेत ठेवा.