लंडनमध्ये तीन वर्षं राहून आता पुण्यात आहे, कॅनडाच्या पीआरसाठी (कायम राहण्याचा परवाना) पीसीसी, म्हणजे गुन्हेगारी नोंदीबद्दलचा पोलिसांचा दाखला, कुठून घ्यायची?

दोन्ही देशांची लागेल. एक्सप्रेस एंट्रीत (पीआरसाठी ऑनलाइन अर्जाची कॅनडाची पद्धत) गेल्या 10 वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त जिथे राहिलात, त्या प्रत्येक देशाची पीसीसी मागतात. भारतातली पीसीसी लंडनच्या वर्षांना चालत नाही. इथेच बरेच जण फसतात.

ब्रिटनची आधी काढा. ‘एक्रो’ (ब्रिटिश पोलिसांचं गुन्हे नोंद कार्यालय) च्या साइटवर घरबसल्या अर्ज होतो, बोटांचे ठसे लागत नाहीत. पासपोर्ट, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि गेल्या 10 वर्षांतले पत्ते द्यायचे. लग्नाआधीचं नाव वेगळं असेल तर तेही लिहा. दाखल्यावर ‘नो ट्रेस’ (नोंद नाही) आलं की विषय मिटला. ‘नो लाइव्ह ट्रेस’ म्हणजे जुनी नोंद आहे, तिचा लेखी खुलासा जोडा. तिथे पुन्हा सलग सहा महिने राहिला नसाल, तर हा दाखला शिळा होत नाही.

भारताची मात्र पीआरच्या अर्जाच्या दिवशी सहा महिन्यांच्या आतली हवी. पासपोर्ट सेवा पोर्टलवर 500 रुपये भरा, देश ‘कॅनडा’ निवडा. पासपोर्टवर गावचा पत्ता आणि राहणं पुण्यात असेल, तर पोलीस चौकशीत वेळ जातो. पीआरच्या अर्जाचं कॅनडाकडून आमंत्रण आल्यानंतर हातात फक्त 60 दिवस असतात, म्हणून एक्सप्रेस एंट्रीत प्रोफाइल टाकल्यावर लगेच कामाला लागा.