आदिवासी महिलांच्या आंबा-काजू गटाने प्रक्रिया युनिट टाकावं का? कोणतं यंत्र घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की पेठ तालुक्यात ८० बायकांचा गट आहे, घरटी एकेक एकराची वाडी आहे, केशर आंबा आणि काजू, झाडं आठ-दहा वर्षांची. व्यापारी भाव पाडून माल नेतो, म्हणून आंब्याच्या गराचं यंत्र आणि काजू फोडायची यंत्रं घ्यायचा विचार आहे, तर कोणतं घ्यावं, किती क्षमतेचं. यंत्राचं शेवटी सांगते. त्याआधी दोन गोष्टी विचारते. गटाकडे स्वतःचा वजनकाटा आहे का? आणि सभासद म्हणून त्या ८० जणींची नावं आहेत, की त्यांच्या नवऱ्यांची?

व्यापारी भावात मारतो असं सगळे म्हणतात. तो भावात थोडा मारतो आणि वजनात जास्त मारतो. भाव सगळ्यांना ऐकू येतो, त्यामुळे त्यावर बोलणं होतं. वजनाचं कुणी बोलत नाही, कारण ताणकाटा टेम्पोच्या आडव्या दांडीला टांगलेला असतो आणि आकडा फक्त त्यालाच दिसतो.

सुरगाण्याकडच्या एका गटात हे मोजून पाहिलं होतं. जूनचा पहिला आठवडा, एक पाऊस होऊन गेलेला, झाडाला पाड लागलेला. एक भरलेलं क्रेट आधी गटाच्या काट्यावर ठेवलं: २२ किलो ४०० ग्रॅम. रिकामं क्रेट १ किलो ६०० ग्रॅम, म्हणजे आंबा २० किलो ८००. तेच क्रेट व्यापाऱ्याच्या ताणकाट्याला अडकवलं, त्याने २० वाचले. त्यातून क्रेटचे २ वजा केले, वर "सूट" म्हणून १ किलो. वहीत लिहिले १७. एका क्रेटमागे ३ किलो ८०० ग्रॅम गेले. क्रेट भरणारी बाई शेजारीच उभी होती. तिने पदराने हात पुसले, गटाच्या काट्यावरचा आकडा परत एकदा बघितला आणि दुसरं क्रेट उचलून पुन्हा त्याच काट्यावर ठेवलं. व्यापाऱ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

आता हाच हिशेब तुमच्या गटाला लावा. एकरात साधारण ४० कलमं असतात, त्यातली २० केशरची धरू. पावसावरच्या वाडीत झाडाला २५ किलो धरले तर घरटी ५०० किलो, म्हणजे २४ क्रेट. २४ गुणिले ३.८ म्हणजे ९१ किलो एका घराचे. ८० घरांचे सात टनांच्या वर. किलोला ४० रुपये धरले तरी २ लाख ९० हजार रुपये होतात, तेही एका हंगामात. आणि त्यासाठी लागतो दहा हजारांच्या आतला एक काटा.

काटा घ्यायचा तो १०० किलोचा, जमिनीवर ठेवायचा, इलेक्ट्रॉनिक, आकडा दोन्ही बाजूंनी दिसेल असा. दरवर्षी वैधमापन विभागाकडून पडताळणी करून शिक्का घ्यायचा. शिक्का जुना असला की व्यापाऱ्याला बोलायला जागा मिळते. शिक्क्याचं ५ किलोचं वजनमाप जवळ ठेवायचं आणि रोज सकाळी ते मधोमध आणि चारही कोपऱ्यांवर ठेवून बघायचं. पाचही ठिकाणी आकडा सारखा आला पाहिजे. येत नसेल तर बहुतेक वेळा जमीन सपाट नसते किंवा बॅटरी उतरलेली असते. काट्याखाली शहाबादी फरशी घाला. सारवलेल्या जमिनीत काट्याचा एक पाय दबतो आणि आकडा हलत राहतो.

पण वर सांगितलेल्या गटात पुढे काय झालं तेही ऐका, कारण चूक तिथेच झाली. व्यापारी म्हणाला, "माझ्या काट्यावर द्यायचा तर द्या," आणि गाडी घेऊन निघून गेला. पाड लागलेला आंबा दोन दिवस थांबतो, चौथ्या दिवशी मऊ पडतो. हे त्याला माहीत होतं. ४० क्रेट ओसरीत पडून, वर आभाळ भरलेलं. शेवटी भाड्याची पिकअप करून माल नाशिकला न्यावा लागला. तो विकला गेला, पण ऐन वेळच्या गाडीचं भाडं अंगावर बसलं आणि निम्म्या घरांनी पुढच्या खेपेला गुपचूप जुन्याच व्यापाऱ्याला माल दिला. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. माघ-फाल्गुनात त्याच व्यापाऱ्याकडून लग्नाला, दवाखान्याला उचल घेतलेली असते. मोहोर धरतो न धरतो तोच फळ त्याचं झालेलं असतं.

म्हणून माझं म्हणणं: काट्याचं भांडण काजूवर करायचं, आंब्यावर करायचंच नाही. काजू बी वाळवून पोत्यात भरली की थांबते. व्यापारी निघून गेला तर जाऊ दे, तो महिन्याने परत येईल. मार्च-एप्रिलमध्ये काजूवर एकदा गटाचा काटा मान्य झाला की जूनमध्ये आंब्याला तोच चालतो. आणि उचलीचं तोंड बंद करायला बचत गटाचं अंतर्गत कर्ज जानेवारी ते मार्च याच काळात मोकळं ठेवा. दिवाळीला सगळी रक्कम वाटून टाकलेला गट फेब्रुवारीत सभासदांना व्यापाऱ्याच्या दारात पाठवतो.

काजू थांबते, पण ओली भरली तर नाही. बी झाडावरून हिरवी ओरबाडू नका, बोंडासकट खाली पडू द्या, त्याच दिवशी वेचा आणि बोंड पिळून काढा. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायची, संध्याकाळी गोळा करून झाकायची. नखाने टरफलावर ओरखडा उठेनासा झाला आणि मूठभर बी हलवल्यावर खडखड वाजली की झाली. पोती भिंतीला टेकवू नका, खाली फळ्या घाला. ओली बी पोत्यात गरम होते आणि गर काळा पडतो. तो दोष फोडल्यावरच दिसतो, म्हणून नंतर भाव पाडला जातो तो सगळ्या गटाचा.

आंब्याचं तुम्हाला माहीतच असेल, फक्त जिथे चुकतं तेवढं सांगते. नूतन झेल्याने (लांब काठीला पातं आणि जाळी असते तो) उतरवताना देठ चार-पाच सेंटिमीटर ठेवा. देठ मुळातून तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि दोन दिवसांत काळा पट्टा उमटतो. सावलीत आणल्यावर देठ एक सेंटिमीटरवर कापून फळं गोणपाटावर उलटी ठेवायची, दोनेक तास चीक गळू द्यायचा. तयार-कच्चं कळत नसेल तर बादलीभर पाण्यात सोडा: बुडेल ते तयार, तरंगेल ते कोवळं. कोवळं फळ क्रेटमध्ये गेलं की ते पिकत नाही, सुरकुततं, आणि नाशिकचा गाळेवाला पुढच्या खेपेला सगळ्या क्रेटचा भाव उतरवतो. पिकवायला कार्बाइड अजिबात नको, बंदी आहे. भाताच्या पेंढ्यात दोन-तीन थरांपेक्षा जास्त रचू नका.

फळमाशी हे पाऊस सुरू झाल्यानंतरचं दुखणं. तुमच्याकडचा आंबा कोकणापेक्षा उशिरा येतो, म्हणून ते तुम्हाला जास्त छळणार. एकराला चार रक्षक सापळे (नर माशीला वासाने ओढून मारणारे) लावा, पण सगळ्या पाड्याने एकाच आठवड्यात. एकटीने लावले तर फायदा फारच थोडा, कारण शेजारच्या वाडीत गळून सडणाऱ्या फळांतून माशी येतच राहते. गळ रोज वेचून दोन फूट खोल पुरायचा. मला विचाराल तर गट करण्याचं भावाइतकंच मोठं कारण हे आहे.

आता सभासदत्व. यावर मी बऱ्याच बैठकांत भांडले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. कलमांना उन्हाळाभर डोक्यावरून पाणी कोण घालतं? खुंटाची फूट कोण मोडतं? पहिली तीन वर्षं मोहोर कोण खुडतं, काजू कोण वेचतं? आणि गटाची शेतकरी उत्पादक कंपनी म्हणून नोंदणी करायची वेळ आली की यादी सातबाऱ्यावरून तयार होते आणि सभासद होतो नवरा. एका बैठकीत एका जाणत्या माणसाने मला विचारलं होतं, "ताई, सातबारा नसलेली बाई शेतकरी कशी?" तेव्हा मी नीट उत्तर देऊ शकले नाही. आज देते.

उत्पादक कंपनीच्या कायद्यात सभासद व्हायला "उत्पादक" असावं लागतं, आणि उत्पादक म्हणजे पिकाशी संबंधित काम करणारी व्यक्ती. जमीन नावावर असली पाहिजे असं त्यात नाही. किमान १० उत्पादक लागतात, संचालक ५ ते १५. कागदपत्रं करणारा लेखापाल सातबारा मागतो, कारण ते त्याला सोपं पडतं. त्याला तलाठ्याचा किंवा कृषी अधिकाऱ्याचा दाखला आणून द्या. वनहक्काची जमीन असेल तर २००६ च्या कायद्याप्रमाणे पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो, म्हणजे कागद आधीच तिच्याकडे आहे. कपाटातून काढून बघा, बऱ्याच जणींना तो आपल्याही नावाचा आहे हे ठाऊक नसतं. घरचा सातबारा असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. हे करून ठेवायचं आणखी एक कारण असं की हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, त्यामुळे माहेरच्या जमिनीत आपोआप वाटा येईल असं धरून चालता येत नाही.

आणि पैसे तिच्या एकटीच्या खात्यात. संयुक्त खातं मी सुचवत नाही. माल तोलला त्याच दिवशी पावती तिच्या नावाने, ७०-८० टक्के रक्कम त्याच आठवड्यात, उरलेली विक्रीनंतर. महिनाभर पैसे अडकले की सभासद जाते, गट कितीही चांगला असो.

आता यंत्र. गराचं यंत्र घेऊ नका. हंगाम तीन आठवड्यांचा, तोही वादळ-पावसाचा, थ्री फेज वीज तेव्हाच जाते. गर काढला की तो त्याच दिवशी डबाबंद करावा किंवा गोठवावा लागतो, म्हणजे यंत्राच्या मागून बॉयलर नाहीतर शीतगृह आलंच. त्यापेक्षा एप्रिल-मेच्या वाऱ्यात पडणाऱ्या कैऱ्यांचं आमचूर करा, नंदुरबारकडे धडगावच्या बायका करतात तसं. साधारण १० किलो कैरीचं १ किलो होतं. सुरी स्टीलची घ्या, लोखंडी सुरीने फोडी काळ्या पडतात, आणि फोडी खडकावर न टाकता उंच बांधलेल्या जाळीवर वाळवा. माती लागली नाही की दर्जा आपोआप वर जातो.

काजूचं युनिट जमेल, पण त्यात यंत्र हा स्वस्त भाग आहे. २० झाडं, झाडाला ४ किलो, ८० घरं: ६.४ टन बी. १०० रुपये किलो धरली तर मार्च ते मे एवढ्यात बायकांना द्यायला ६ लाख ४० हजार रोख लागतात, आणि गर विकून ते पैसे परत येईपर्यंत दिवाळी उजाडते. हे भांडवल नसेल तर युनिटला कुलूप लागतं. २०२० च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत बचत गटाच्या सभासदाला ४० हजारांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद होती आणि यंत्राला ३५ टक्के अनुदान होतं; सध्या अर्ज घेतात का ते जिल्हा कृषी कार्यालयात विचारा.

तेवढ्या बीला हाताने चालणारी पाच कटर पुरतात. नवशिकी बाई दिवसाला २० किलो बी फोडते, म्हणजे पाच जणींचं ६४ दिवसांचं काम. सोबत ४० किलोचा वाफेचा बॉयलर आणि एक ट्रेचा ड्रायर. १५-२० मिनिटं वाफ, मग रात्रभर गार, मग बी फोडायची, मग ७० अंशांवर सहा ते आठ तास, मग सोलणी. वाफ कमी पडली की गर तुटतो, जास्त झाली की पिवळा पडतो. ४ किलो बीला १ किलो गर धरा आणि पहिल्या वर्षी तुकडा बराच पडेल हे हिशेबात घ्या. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून हातमोजे आणि एरंडेल तेल दोन्ही, आणि तान्हं मूल जवळ घेऊन बसायचं नाही.

अशा आंबा-काजूच्या वाडीची सुरुवात १९८२ साली गुजरातेतल्या वांसद्यात बायफने, मणिभाई देसाईंच्या संस्थेने, केली. तिथल्या वसुंधरा सहकारी संस्थेचं "वृंदावन" नावाचं लोणचं आणि काजू बाजारात विकतात, त्यामुळे होतच नाही असं मी म्हणणार नाही. जमलं तर एकदा जाऊन बघा, पेठहून लांब नाही. मात्र वर दिलेले भाव आणि झाडामागचं उत्पन्न हे हिशेबापुरते धरले आहेत. तुमच्या ८० वाड्यांपैकी दहा वाड्यांत या हंगामात खरंच मोजा, जिवंत झाडं किती तेही मोजा. कागदावर २० असतात आणि वणव्याने, गुरांनी १२ ठेवलेली असतात. तो आकडा हाती आला की कटर पाच घ्यायची की तीन ते मी नक्की सांगेन.