क्रँकशाफ्टचे बेअरिंग झिजल्यास केवळ बेअरिंग बदलून भागेल का?

शीवच्या सिग्नलला तापलेली गाडी उभी असताना ऑइलचा दिवा लुकलुकतो आणि वेग देताच इंजिनाच्या तळातून ठकठक येते, असे आपण लिहिले आहे. तेव्हा कृपया ती आता चालवू नका. क्रँक (क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) उघडल्यावर जर्नलवरून, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या त्याच्या गुळगुळीत भागावरून, नख फिरवून पाहावे. नख अडकले, तर केवळ बेअरिंग बदलून भागत नाही; क्रँक ग्राइंड करून (घासून गुळगुळीत करून) ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइझ, म्हणजे घासून बारीक झालेल्या जर्नलला बसणारे, बेअरिंग बसवावे लागते, म्हणून माप घेतल्याशिवाय कुर्ल्याला बेअरिंगच्या खरेदीस जाऊ नये. बेअरिंग धरून ठेवणाऱ्या कॅप आपापल्या जागी, त्याच दिशेने बसवाव्यात. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ऑइलच्या वाटांची सफाई, कारण ग्राइंडिंगचा कणभर कीस तेथे राहिला, तरी नव्या बेअरिंगवर चरे पडतात.